४३१००१

छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४३१००१ आहे. पाकिटावर तो हजारो हातांनी लिहिला जातो, पण संख्या म्हणून कुणी वाचत नाही. सगळे 'चार-तीन-एक, शून्य-शून्य-एक' असं म्हणतात. 'चार लाख एकतीस हजार एक' असं कुणी म्हणत नाही. या प्रकरणात आपण तसं म्हणणार आहोत. ही संख्या मुद्दाम घेतली आहे, कारण गणितातल्या कुठल्याही गुणासाठी ती कुणी निवडलेली नाही. ती टपाल खात्याच्या सोयीतून आली. माझा दावा असा की अशा, कामापुरत्या नेमलेल्या संख्येलाही स्वतःचा स्वभाव असतो. तो देणारा कुणी नसतो, तो शोधावा लागतो.

आधी ती आली कुठून ते पाहू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाले. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे नावाजलेले कवी होते. 'विलोमकाव्य' नावाची त्यांची एक रचना आहे. ती सरळ वाचली तर रामाची स्तुती होते आणि उलट वाचली तर कृष्णाची. एकाच नावाची अनेक गावं, डझनभर लिपींत लिहिलेले पत्ते आणि न लागणारी अक्षरं या अडचणींवर त्यांनी सहा अंकांचा उपाय काढला. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, ज्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. पहिल्या तीन अंकांवरून पत्रं टपाल खात्याच्या कोणत्या छाटणी-जिल्ह्यात जायची ते कळतं आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे असतात. म्हणून मराठवाड्यातले बरेचसे पत्ते ४३१ ने सुरू होतात : जालना ४३१२०३, परभणी ४३१४०१, नांदेड ४३१६०१. शहराचं नाव खडकीपासून आजवर अनेकदा बदललं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. १९७२ पासूनचे सहा अंक तेच राहिले.

कुठलीही मोठी संख्या समोर आली की पहिला प्रश्न एकच असतो : ही कशाकशाच्या गुणाकाराने बनली आहे? इथे सुरुवात सोपी आहे. ४ + ३ + १ + ० + ० + १ = ९, म्हणजे नवाने निःशेष भाग जाणार. भागून ४७८८९ येतात. त्यांची बेरीज ३६, म्हणून पुन्हा नवाने भागू : ५३२१. आता बेरीज ११ आली, तीन आणि नवाचा खेळ इथे संपला. सातने भागलं तर एक उरतो, अकराने भाग जात नाही, तेराने चार उरतात. सतराने मात्र भाग जातो, कारण १७ × ३१३ = ५३२१. राहिले ३१३. त्याला फोडणारा अवयव असेलच, तर त्यातला लहान अवयव ३१३ च्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून १७ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासायच्या. २, ३, ५, ७, ११, १३, १७ यांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणून ३१३ मूळ संख्या आहे. म्हणजे

४३१००१ = ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३

ही फोड एकच असते. कोणत्याही वाटेने गेलात, आधी सतराने भागलंत किंवा शेवटी, याच सहा मूळ संख्या हाती येतात. पूर्णांकांच्या गणितात याहून मोलाचं विधान माझ्या मते दुसरं नाही.

त्या ३१३ वर थोडं रेंगाळू. ती उलट वाचली तरी ३१३ च राहते. तिला संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं तर १००१११००१ येतं. तेही उलटसुलट सारखंच आहे. तीन अंकी संख्यांत असा दुहेरी योग साधणाऱ्या फक्त तीन संख्या आहेत : ३१३, ५८५ आणि ७१७. त्यांत मूळ संख्या ३१३ ही एकटीच. विलोमकाव्य लिहिणाऱ्या माणसाच्या यादीतल्या संख्येत ती लपलेली असावी हा निव्वळ योगायोग आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फोड एकदा मिळाली की बाकीचं हिशेबाने येतं. विभाजक मोजायचे तर तीनचे चार घात आहेत, म्हणजे पाच पर्याय. सतराचे दोन आणि ३१३ चे दोन. ५ × २ × २ = २०. या वीस विभाजकांची बेरीज १२१ × १८ × ३१४ = ६८३८९२ भरते. त्यातून आपली संख्या वजा केली की २५२८९१ उरतात, म्हणजे स्वतःपेक्षा कमी. ६ किंवा २८ प्रमाणे ही परिपूर्ण संख्या नाही. ती न्यून आहे, जशा बहुतेक विषम संख्या असतात. यात विशेष काही नाही, म्हणून पुढे जाऊ. वाटेतला एक गुणाकार मात्र ध्यानात ठेवा : १२१ × १८ = २१७८. त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता देवळालीला जाऊ.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदवीपुढचं शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. हाताशी कागद, पेन्सिल आणि आकडे. त्यांचे निष्कर्ष कधी लहानशा मासिकांतून आले, कधी त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांमधून. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांची दखल घेतली नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचं नाव जगभर गेलं. १९८६ मध्ये ते वारले. त्यांनी शोधलेल्या एका कुळाचं नाव डेम्लो संख्या आहे. हा विचार त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचला आणि त्या स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी कुळाचं नाव ठेवलं.

कापरेकरांनी दिलेली एक व्याख्या अशी : ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे आणि ९ ने भाग जातो हे आपण पाहिलंच. म्हणजे ४३१००१ हर्षद आहे. शेजारचे पिनकोडही तपासू. ४३१००२ ची बेरीज १०, आणि शेवटी शून्य नाही म्हणून भाग जात नाही. ४३१००३ ची ११, भाग जात नाही. ४३१००५ ची १३, बाकी ३. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा ४३१००४ घ्या. बेरीज १२, आणि १२ × ३५९१७ = ४३१००४. तोही हर्षद.

दोघांचा हर्षदपणा मात्र सारखा नाही. दहा, शंभर, हजार, लाख या सगळ्यांना नवाने भागलं तर बाकी एकच उरते. म्हणून कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नवाची बाकी सारखी असते. जुने हिशेबनीस नवाचा ताळा घ्यायचे तो याच आधारावर. खतावणीत ९ ने भाग जाणारा फरक आला की दोन अंकांची अदलाबदल झाली का ते आधी पाहायचं, हेही त्यांना याच कारणाने ठाऊक होतं. तेव्हा अंकांची बेरीज ९ असेल तर संख्या आपोआप हर्षद होते. ४३१००१ चे अंक कसेही उलटेपालटे करा, जी संख्या येईल ती हर्षदच असेल. विद्यापीठाच्या ४३१००४ चं तसं नाही. बाराने भाग जायचा तर तीनने आणि चारने जायला हवा. तीनचं काम बेरजेने होतं, पण चारचं शेवटच्या दोन अंकांवर ठरतं. इथे ते ०४ आहेत म्हणून जमलं. तेच अंक ४३००४१ असे मांडले तर गेलं. मुख्य कार्यालयाच्या संख्येला हा गुण फुकट मिळाला, विद्यापीठाच्या संख्येने तो कमावला आहे.

'अंक कसेही उलटेपालटे करा' असं आत्ता म्हटलं, तर असे किती प्रकार होतात? हा प्रश्न या भागातच आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता. शहरापासून पंधराएक किलोमीटरवरचं देवगिरी ही यादवांची राजधानी होती. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की डोंगराच्या कुशीत पाटण लागतं. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. याची नोंद करणारा, यादव राजा सिंघणाच्या काळातला, १२०७ च्या सुमाराचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण आहे. दिलेल्या अंकांपासून किती संख्या बनतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती, हाच त्याचा विषय. २, २, १, १ या अंकांचं उदाहरण त्यात आहे : संख्या सहा बनतात आणि त्यांची बेरीज ९९९९ येते.

तीच रीत आपल्या अंकांना लावू : ४, ३, १, १, ०, ०. सहा वस्तूंची मांडणी ७२० प्रकारे होते. एक दोनदा आणि शून्य दोनदा आल्यामुळे चारने भागायचं, म्हणजे १८० प्रकार. यात शून्याने सुरू होणाऱ्या मांडण्याही धरल्या आहेत. बेरजेसाठी भास्कराचार्य सांगतात की प्रकारांच्या संख्येला अंकांच्या बेरजेने गुणा, अंकांच्या संख्येने भागा आणि आलेलं फळ प्रत्येक स्थानी मांडून मिळवा. १८० × ९ ÷ ६ = २७०. सहाही स्थानी २७० मांडून मिळवायचे म्हणजे २७० ला सहा एकांच्या १,११,१११ ने गुणायचं. उत्तर २,९९,९९,९७०. तीन कोटींना फक्त तीस कमी! एकशे ऐंशी संख्या एकाखाली एक लिहून बेरीज करायची म्हटली तर दुपार जाईल. नियम हाताशी असला की पाटीवर तीन ओळींत काम होतं.

पुन्हा कापरेकर. त्यांच्या सगळ्या कल्पनांमध्ये मला सर्वांत जवळची वाटते ती स्वयंभू संख्यांची. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. २४ मध्ये ६ मिळवले की ३०. म्हणजे २१ हा २४ चा जनक आणि २४ हा ३० चा जनक. काही संख्यांना मात्र जनकच नसतो. २० घ्या. कोणतीही संख्या अशा रीतीने २० ला पोचत नाही. जनक नसलेल्या या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं.

४३१००१ स्वयंभू आहे का? शोध वाटतो तेवढा लांबत नाही. जनकाला न म्हणू. न आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची नवाची बाकी सारखी. दोन्ही मिळून नवाने भाग जाणारी संख्या येते, म्हणजे त्या बाकीची दुप्पटही नवाने भागली जायला हवी. हे बाकी शून्य असतानाच घडतं. म्हणजे जनकाच्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ असणार. ३६ होऊ शकत नाही, कारण आपल्या संख्येच्या लगेच खाली ४३०९९९ पर्यंतच्या संख्या आहेत आणि त्यांत बेरीज फार तर ३४ होते. तीनच उमेदवार उरले. ४३०९९२ ची बेरीज ९ हवी, ती २७ आहे. ४३०९८३ ची १८ हवी, तीही २७. ४३०९७४ ची २७ हवी : ४ + ३ + ० + ९ + ७ + ४ = २७. सापडला! ४३०९७४ + २७ = ४३१००१.

तर ही संख्या स्वयंभू नाही, तिला जनक आहे आणि तो एकच आहे. मग त्या जनकाचा जनक? तशीच झडती घेतली की ४३०९४७ मिळते, कारण तिची बेरीजही २७ आणि ४३०९४७ + २७ = ४३०९७४. आणखी एक पिढी मागे जाऊ. उमेदवार ४३०९३८, ४३०९२९, ४३०९२०. त्यांच्या बेरजा अनुक्रमे ९, १८, २७ हव्यात. प्रत्यक्षात त्या २७, २७, १८ आहेत. एकही जुळत नाही. ४३०९४७ ला जनक नाही, ती स्वयंभू आहे. दोन पिढ्यांवर आपल्या पिनकोडाचा मूळ पुरुष सापडला. कुळवृत्तांत लिहिणाऱ्याला होतो तसा आनंद मला ही झडती पुरी झाली तेव्हा झाला.

कापरेकरांचं नाव ज्या संख्येने जगभर गेलं ती ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. मलिक अंबरने खडकी वसवली ते १६१० साल घेऊ. ६११० – ०११६ = ५९९४. पुढे ९९५४ – ४५९९ = ५३५५. मग ५५५३ – ३५५५ = १९९८. ९९८१ – १८९९ = ८०८२. ८८२० – ०२८८ = ८५३२. आणि ८५३२ – २३५८ = ६१७४. सहा वजाबाक्या लागल्या. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडलं, आणि त्याचा लेख १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त आला.

सहा अंकांना मात्र एक मुक्काम नसतो. ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन संख्या स्वतःवरच थांबतात, आणि त्यांखेरीज सात संख्यांचं एक रिंगण आहे. ४३१००१ कुठे जाते? ४३११०० – ००११३४ = ४२९९६६. पुढच्या पायऱ्यांवर ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. या चौथ्या पायरीवर ती रिंगणात शिरली. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. यापुढे ती कधीही बाहेर येणार नाही. या सगळ्या संख्यांना नवाने भाग जातो, कारण सारख्याच अंकांच्या दोन मांडण्या एकमेकींतून वजा केल्या की नवाची बाकी उरतच नाही. खतावणीतला तोच नियम.

आता मघाचे २१७८. त्याला चारने गुणा : ८७१२. अंक बरोबर उलटे झाले! केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त नेमकं हेच उदाहरण दिलं आहे. आपल्या उलट्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच : ८७१२ आणि ९८०१. हार्डींचं म्हणणं असं की अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही नाही, कारण त्यांतून पुढे काही निघत नाही. कापरेकरांच्या कामाकडे पाठ फिरवणाऱ्यांचा युक्तिवादही साधारण हाच होता.

हार्डींच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. हर्षद, स्वयंभू, ६१७४ हे सगळे गुण दहाच्या लिखाणावर उभे आहेत. माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाने मोजतो. तीच संख्या द्विमानात लिहिली तर ११०१००१००१११००११००१ होते. त्यात एक दहा वेळा येतो, अंकांची बेरीज दहा झाली, आणि आपली संख्या विषम आहे. दहाने भाग जाणं शक्यच नाही. लिखाण बदललं आणि हर्षदपणा गेला. तीनचा चौथा घात, १७ आणि ३१३ मात्र कोणत्याही लिखाणात तेच राहतात. एक गुण कपड्याचा, एक देहाचा, हा फरक खरा आहे आणि तो शिकवलाच पाहिजे.

पण 'पुढे काही निघत नाही' हे मला पटत नाही. एकापाठोपाठ एक अशा जास्तीत जास्त किती संख्या हर्षद असू शकतात? कूपर आणि केनेडी या दोघांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं की वीस असू शकतात, एकवीस कधीच नाहीत. ती सिद्धता खरं गणित आहे आणि तिचा प्रश्न कापरेकरांच्या व्याख्येतून जन्मला. शिवाय स्वयंभूच्या झडतीत नवाच्या बाकीचा जो विचार आपण केला तो गाउसच्या संख्यासिद्धांताचा पहिला धडा आहे. शाळेतल्या मुलाला या धड्याची गोडी लावायला ६१७४ पेक्षा चांगला दरवाजा मला माहीत नाही.

आता देहाचे गुण. यांतला सर्वांत सुंदर गुण शेवटी ठेवला आहे : एखादी संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते का? १३ येते, ४ + ९. ७ येत नाही. कोणत्याही वर्गाला चारने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ होईल, ३ कधीच नाही. चारने भागून तीन उरणाऱ्या संख्या एका फटक्यात बाद झाल्या. फर्माने १६४० मध्ये याची दुसरी बाजू सांगितली : चारने भागून एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. सिद्धता पुढच्या शतकात ऑयलरने दिली.

१७ ची बाकी १, आणि १७ = १ + १६. ३१३ ची बाकीही १, आणि ३१३ = १२² + १३². लागोपाठच्या दोन संख्यांचे वर्ग! आता या दोघांच्या गुणाकाराचं काय? इथे ब्रह्मगुप्ताची 'भावना' नावाची रीत कामाला येते. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त ती व्यापक रूपात आहे. दोन वर्गांपुरतं तिचं रूप असं : तिरकस आणि सरळ गुणाकार करून एकांची वजाबाकी आणि दुसऱ्यांची बेरीज घ्या, म्हणजे गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो. (१, ४) आणि (१२, १३) घ्या. १ × १२ आणि ४ × १३ यांतला फरक ४०. १ × १३ आणि ४ × १२ यांची बेरीज ६१. म्हणून ५३२१ = ४०² + ६१². बेरजेच्या जागी फरक आणि फरकाच्या जागी बेरीज घेतली तर दुसरी जोडी येते : ६४² + ३५². उरलेल्या ८१ चं वर्गमूळ ९, त्याने सगळ्यांना गुणू :

४३१००१ = ३६०² + ५४९² = ५७६² + ३१५²

म्हणजे चार लाख एकतीस हजार एक चौरस फरश्यांचे नेमके दोन चौरस अंगण होतात, आणि तेही दोन वेगळ्या प्रकारे. तिसरा प्रकार नाही.

ही वाट उलट्या दिशेनेही चालता येते, आणि ते ऑयलरने दाखवलं. समजा अवयव माहीत नाहीत, फक्त ५३२१ च्या दोन जोड्या हाती आहेत. सम संख्यांचा फरक ६४ – ४० = २४ आणि बेरीज १०४. विषमांचा फरक ६१ – ३५ = २६ आणि बेरीज ९६. दोन फरकांचा मसावि २, दोन बेरजांचा मसावि ८. त्यांचे अर्धे १ आणि ४, त्यांचे वर्ग मिळवा : १७. दोन्ही फरकांना २ ने भागा, १२ आणि १३, त्यांचे वर्ग मिळवा : ३१३. एकही भागाकार अंदाजाने न करता अवयव बाहेर आले. याच रीतीने ऑयलरने १०००००९ ची फोड केली. आधी त्याने ती मूळ संख्या धरली होती. १०००² + ३² आणि २३५² + ९७२² अशा दोन जोड्या दिसल्या आणि २९३ × ३४१३ हाती आले.

मग शहराच्या बाकीच्या पिनकोडांचं काय? सिडकोचा ४३१००३ लगेच बाद होतो, चारने भागून तीन उरतात. विद्यापीठाचा ४३१००४ फोडला तर २ × २ × ३ × ७ × ७ × ७३३. तीन आणि सात या दोन्ही मूळ संख्या बाकी-तीनच्या कुळातल्या. अशा संख्या जोडीने आल्या तर चालतात. सात जोडीने आला आहे, तीन एकटाच आहे. त्या एकट्या तीनमुळे ही संख्या दोन वर्गांत बसत नाही. मुख्य कार्यालयाच्या संख्येत तीन चार वेळा आले, म्हणून तिथे अडलं नाही.

४३१००२ = २ × ११ × ११ × १३ × १३७. अकरा बाकी-तीनचा, पण जोडीने आलेला. म्हणून जमतं : ६४९² + ९९² आणि ५६१² + ३४१². पहिल्या जोडीतल्या ९९ चा वर्ग ९८०१, हार्डींची दुसरी संख्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पत्त्यातला ४३१००५ म्हणजे ५ × ८६२०१. हा ८६२०१ मूळ आहे हे ठरवायला २९३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. बाकी एक, म्हणून फर्माचा शब्द आहे की जोडी असणारच. ती २३५ आणि १७६. पाचची जोडी १ आणि २. भावना लावली की ११७² + ६४६² आणि ५८७² + २९४².

अशा संख्या किती विरळ असतात याचा नियम लांडाऊने १९०८ मध्ये सिद्ध केला. रामानुजनांनी स्वतंत्रपणे तोच शोधला आणि जानेवारी १९१३ च्या पत्रात हार्डींना कळवला. त्या नियमाने चार लाखांच्या आसपास साधारण पाचांत एक संख्या दोन वर्गांत बसते. ४३१००१ ते ४३१००५ या पाचांत तीन बसतात, आणि तिन्ही नेमक्या दोन-दोन प्रकारे. त्यांच्या दोन्ही बाजूंना मात्र रिकामं आहे. अलीकडच्या ४३१००० मध्ये ४३१ ही बाकी-तीनची मूळ संख्या एकटी येते. पलीकडच्या ४३१००६ ची निमपट २१५५०३, तिला चारने भागलं की तीन उरतात.